छत्रीवाल्यापाशी थांबणारी गाडी

८ जानेवारी

भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असेलच. फाडायचं असेल तर खुशाल फाडा, पण आधी वाचा. जाऊबाई जवळ असतील तर त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा, म्हणजे तुम्हाला मध्येच उठून जाता येणार नाही.

काम आहे म्हणून लिहितेय. इतक्या वर्षांनी नुसती ख्यालीखुशाली विचारली असती तर तुम्ही म्हणाला असता, वहिनींना आज बरी आठवण झाली. त्यापेक्षा हे बरं.

तर वरच्या खोलीतली आगगाडी. टेबल आठवत असेल, निम्मं तुम्हीच ठोकलंय. रूळ, बोगदा, स्टेशन सगळं जागच्या जागी आहे. काळं इंजिनही आहे, त्याला आम्ही अजून 'काळी'च म्हणतो. फलाटावर तो बोटाच्या पेराएवढा छत्रीवाला माणूसही उभा आहे. तुमचे दादा घुंडी फिरवत फिरवत गाडी अशी आणायचे की पहिल्या डब्याचं दार बरोबर त्याच्या छत्रीसमोर यायचं. कितीही वेळा आणा, दार छत्रीसमोरच. जन्मभर बस चालवलेला माणूस, ब्रेकचा शौक असा सहजी सुटतो थोडाच.

मला विचारायचंय ते असं. घुंडीला हात न लावता गाडी आपली आपण थांबेल असं काही करता येतं का? म्हणजे स्टेशन जवळ आलं की तिनेच हळू व्हावं आणि फलाटाला उभं राहावं. धाडकन नको, अलगद. तुम्ही इतकी वर्षं लिफ्ट दुरुस्त करताय. तुमची लिफ्ट मजल्याला टेकली की हातातल्या कपातला चहासुद्धा हलत नाही, असं तुम्हीच फुशारक्या मारत सांगायचात. मग हे एवढंसं इंजिन काय अवघड आहे तुम्हाला?

मीच हल्ली चालवते गाडी. शिवणाचं काम कमी झालंय, वेळ जात नाही. पण मला मेलीला काही जमत नाही. थांबवायला जाते तर गाडी फलाट सोडून थेट बोगद्यात. म्हणून विचारतेय.

उत्तर माझ्या नावाने पाठवा. दोरे, अस्तर, बटणं माझ्या नावाने येतातच, कुणाला काही वाटणार नाही.

तुमची वहिनी

ता. क. वरचा शेवटून दुसरा परिच्छेद खोटा आहे. खोडायला गेले तर सगळं पान घाण होईल म्हणून तसाच ठेवलाय. मी गाडी चालवत नाही. तुमच्या दादांचा उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी जरा आवाक्यात राहील, जाणार मात्र नाही. परवा परवापर्यंत हे काही ना काही करून चालवत होते. मग एक दिवस घुंडीवरचा हातच नाचायला लागला, काळीने उडी मारली, वळणावर रूळ सोडले आणि जमिनीवर पडली. यांनी तिला उचललं, पुसलं, टेबलावर चादर घातली आणि खाली आले. वाचनालयाच्या बाईंना सांगून टाकलंय, फेब्रुवारीच्या अखेरीला सगळं घेऊन जा. त्या मुलांच्या दालनात काचेच्या पेटीत ठेवणार आहेत. नुसती बघायला. चालणार नाही ती तिथे. तेव्हापासून हे खिडकीशी बसून असतात. मी बोलले तर बोलतात. भाऊजी, मला भीती वाटतेय.

२३ जानेवारी

भाऊजी,

तुमचं पाकीट मिळालं. पाकिटाला पत्र म्हणवत नाही, कारण आत एक अक्षर नाही! नुसती आकृती. मी उलटून बघितली, दिव्यासमोर धरून बघितली. 'वहिनी' एवढं तरी लिहायचं. शाई महाग झालीय का तुमच्या गावात?

पण आकृती पाठवलीत. पाठवली नसतीत तर मी काय करणार होते?

आणि कळली मला. उगीच शेफारून सांगत नाही, खरंच कळली. कापडबाजारातल्या त्या इमारतीत आपण लिफ्टमध्ये अडकलो होतो, आठवतं? मी देवाचं नाव घेत होते आणि तुम्ही मला शिकवणी देत होता. लिफ्ट मजल्यावर एकदम थांबत नाही वहिनी, मजल्याच्या अलीकडे एक खूण असते, ती लागली की लिफ्ट रांगायला लागते, मग दुसरी खूण, तिथे थांबते. तेव्हा वाटलं होतं, या माणसाला वेळकाळ काही कळत नाही. आज तेच कामी आलं. तुमच्या आकृतीत एका रुळाला दोन ठिकाणी काप आहेत. पहिला फलाटाच्या बराच अलीकडे, तिथून पुढे वीज अडखळत यायची, म्हणजे काळी रांगणार. दुसरा छत्रीवाल्यापाशी, तिथून पुढे वीजच नाही, म्हणजे काळी थांबणार. परत सोडायची तर बटण दाबून धरायचं, की त्या मेलेल्या तुकड्यात वीज येते आणि गाडी निघते. बरोबर ना?

तुम्ही बोलत नाही म्हणजे राग अजून आहे. मग मीच बोलते. हे नोकरीतून मोकळे झाले त्या दिवशी डेपोतली सगळी मंडळी वर गाडी बघायला आली होती. तुम्ही आदल्या दिवशी, आम्हाला ताकास तूर लागू न देता, रूळ कापून ठेवलात. दादाला चकित करायचं, गाडी आपोआप थांबवून दाखवायची. हेतू चांगला होता, मी तेव्हाही म्हटलं होतं. पण यांना माहीत नव्हतं! हे घुंडी सोडत सोडत मोठ्या थाटात गाडी आणत होते आणि ती फलाटाच्या तोंडाशी खाडकन थांबली. डब्यातली माणसं पडली, छत्रीवाला आडवा. कुणीतरी ओरडलं, 'निवृत्त झाले आणि ब्रेक हुकला!' सगळे हसले. चेष्टाच ती. पण ज्या माणसाच्या बसमध्ये उभ्या माणसाला दांडा धरावा लागायचा नाही त्याच्यापुढे ही चेष्टा.

मग हे तुम्हाला म्हणाले, 'माझ्या हातावर विश्वास नाही तुझा.' आणि तुम्हीही काही कमी नाही. सगळ्यांसमोर म्हणालात, 'आज ना उद्या प्रत्येकाचा हात थकतोच, दादा.'

ते वाक्य यांच्या डोक्यात घर करून बसलंय. हात थरथरायला लागला तेव्हा पहिल्यांदा काय बोलले असतील? डॉक्टरचं नाव नाही, गोळीचं नाव नाही. म्हणाले, 'त्याचं खरं झालं.' म्हणून हे तुम्हाला कधी विचारणार नाहीत. म्हणून मी विचारतेय.

पुढच्या पाकिटात निदान एक शब्द घाला.

तुमची वहिनी

ता. क. तुम्ही तेव्हा कापलेला रूळ यांनी काढून नवा बसवलाय. मग मी हा रूळ कापणार कशाने? माझ्याकडे कात्री आहे. हसू नका.

५ फेब्रुवारी

भाऊजी,

तीन शब्द आले! 'हात भाजू नका.' चिठ्ठी मी सुयांच्या डबीत ठेवलीय.

पण उशीर केलात, हात भाजून झाला होता. तारा डाखायला तुम्ही पाठवलेलं ते तापणारं सोल्डरचं पेन मी इस्त्रीसारखं बाजूला ठेवायला गेले, उभं राहीना, घसरलं ते बोटावर. हे चहा घेताना म्हणाले, बोटाला काय झालं? म्हटलं, इस्त्री लागली. म्हणाले, 'तुला? इस्त्री?' आणि माझ्याकडे बघत बसले. मी विषय बदलून दूधवाल्यावर घसरले.

तुम्ही पाठवलेल्या बारीक करवतीने रूळ कापले. दुपारी यांचा डोळा लागला की वर जायचं, चादर उचलायची, काम करायचं, पुन्हा चादर होती तश्शी घालायची. चुण्यासुद्धा तशाच. चोरी करणारीला एवढी मेहनत पडत नसेल. काप केला खरा, पण त्या फटीत काहीतरी भरायला हवं, नाहीतर उन्हाने रूळ वाढून टोकं परत चिकटतात असं तुमच्या आकृतीत बाणाने दाखवलंय. मी काय भरलं असेल? शर्टाच्या कॉलरमध्ये घालतात ना, ती प्लॅस्टिकची पट्टी. कापून, घासून, रुळाच्या मापाची केली. इतकी चपखल बसलीय की नखाला लागत नाही. तुमच्या सगळ्या लिफ्टवाल्यांना सांगा.

पहिल्यांदा गाडी सोडली तेव्हा काळी फलाटाच्या कितीतरी अलीकडे फतकल मारून बसली. हलायलाच तयार नाही. मी तिला बोटाने ढकललं, शिव्या दिल्या, गोंजारलं. मग डोक्यात उजेड पडला की वीज जास्तच अडवली जातेय. तुम्ही पुडीत ते रंगीत पट्ट्यांचे मण्यांसारखे तुकडे पाठवलेत ना, वीज कमी-जास्त अडवणारे, ते एकेक लावून बघितले. कपड्याला बटण लावून बघावं तसं. एक फारच सैल, काळी भरधाव. एक फार घट्ट. तपकिरी-काळा पट्टेवाला लावला आणि काय सांगू! काळी बोगद्यातून आली, पहिल्या कापावर आली आणि एखादी बाई भरल्या घरात शिरताना पाऊल हळू करते तशी हळू झाली. रांगत रांगत आली. छत्रीवाल्यासमोर दार. थांबली. मी टाळ्या वाजवल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

आता यांना वर कसं न्यायचं तेवढं बघते. दोन-चार दिवस थांबेन, धीर गोळा करेन.

जाऊबाईंच्या गुडघ्याचं काय? त्यांना म्हणावं, तुमच्या नवऱ्याला सध्या मी शिकवणीला लावलंय.

वहिनी

१४ फेब्रुवारी

भाऊजी,

झालं सगळं पाण्यात.

आज यांना वर घेऊन गेले. म्हटलं, चादर धुवायला काढायचीय, मला एकटीला ओढवत नाही. आले. चादर काढली, आणि मी गाडी सोडली. काळी फेरी मारून आली, हळू झाली, रांगली, छत्रीवाल्यासमोर थांबली. हे बघत राहिले. खाली वाकून रुळाचा काप बघितला, त्यातली माझी पट्टी बघितली. मला म्हणाले, 'हे कुणी शिकवलं तुला?' मी म्हटलं, पुस्तकात वाचलं. म्हणाले, 'बरं पुस्तक आहे.' एवढंच. पण भाऊजी, चेहरा उजळला होता. मी बायको आहे, मला कळतं.

मग मी म्हटलं, आता तुम्ही सोडा. हे बटण दाबून धरा, निघेल.

यांनी बोट ठेवलं. आणि बोट थरथरायला लागलं. बटण क्षणात दाबलं जातंय, क्षणात सुटतंय. काळी उचकी लागल्यासारखी टक टक धक्के खायला लागली. डब्यातली माणसं पडली. यांनी डाव्या हाताने उजवा धरला, तर दोन्ही हलायला लागले. छत्रीवाला पडला. माझा हात स्थिर आहे म्हणून माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं. बटण दाबून धरायचं असतं म्हणजे काय असतं ते मला कुठे ठाऊक होतं.

हे हात काढून घेऊन म्हणाले, 'थांबायला हात लागत नाही तुझ्या गाडीला. सोडायला लागतोच की.' मग म्हणाले, 'वाचनालयात फोन कर. लवकर नेता आलं तर बघा म्हणावं.' आणि चादर घालायला लागले. एक कोपरा काही केल्या टेबलाखाली जाईना. मी मदतीला गेले नाही, कारण गेले असते तर त्यांना आणखी लागलं असतं. उभी राहून बघितलं नुसतं.

आता तुमच्यावर भडकते, ऐकून घ्या. तुम्हाला सुचायला नको होतं का? लांब बसून आकृत्या काढायच्या आणि वहिनीने इथे बोटं भाजायची, याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. एक दिवस येऊन बघितलं असतंत तर हे झालं नसतं. सख्खा भाऊ आहे तो तुमचा. आणि यांनाही मी तेच म्हणणार होते, की सख्खा भाऊ आहे तो तुमचा, एक फोन लावला असता तर काय झिजला असता. दोघे एका माळेचे मणी. अंगाचा नुसता तिळपापड झालाय माझ्या.

रागावले तरी लिहिणार आणखी कुणाला? तुम्हालाच.

मला गाडी नकोय, भाऊजी. नेऊ देत पेटीत घालून. मला हे हवेत, त्या टेबलापाशी उभे असलेले, जिभेचं टोक बाहेर काढून. लग्न झाल्यापासून तो माणूस मी तसा बघतेय. खिडकीतला मला ओळखू येत नाही.

फोन मी अजून केलेला नाही. उद्या करते असं यांना सांगितलंय, उद्या पुन्हा तेच सांगेन. किती दिवस म्हणता येईल माहीत नाही.

वहिनी

२६ फेब्रुवारी

भाऊजी,

तीन पानं! दोन्ही बाजूंनी! एकदा वाचा फुटली की तुम्हाला आवरायचं कुणी?

आधी पार्सलची गंमत. खोकं जड होतं. हे दारातच होते, त्यांनीच घेतलं. हलवून बघितलं आणि म्हणाले, 'काय आहे यात?' मी म्हटलं, बटण. आजवर पार्सल आलं की मी हेच सांगत आलेय, पण या खेपेला पहिल्यांदाच खोटं बोलावं लागलं नाही. 'एवढं जड?' म्हणाले. म्हटलं, ओव्हरकोटाचं आहे. खोकं ठेवताना त्यावरचा टपालाचा शिक्का मात्र नीट वाचला.

किती देखणं आहे हो ते! पितळी, बशीएवढं, आत दिवा. कुठल्या लिफ्टचं काढलंत? आणि तुम्ही लिहिलंय ते मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा डोळे पुसून. 'लिफ्टचं बटण माणसाच्या हाताची परीक्षा घेत नाही वहिनी. घाईतला माणूस दहादा दाबतो, लहान मूल ठोसा मारतं, म्हाताऱ्याचं बोट हलतं, लिफ्ट एकदाच ऐकते आणि ध्यानात ठेवते. मग दादाने एकदा टेकवलं की पुरे, पुढे हात हलो नाहीतर नाचो. मला आधी का नाही सुचलं, माझं रोजचं काम ते.'

ते ध्यानात ठेवणारं म्हणजे ती काळी डबी, टक् आवाज करणारी. तुमच्या आकृतीबरहुकूम जोडली. काळीच्या पोटाला लोहचुंबकाची टिकली चिकटवली आणि फलाटाच्या पलीकडे, रुळाखाली, ती काचेची बारीक नळी बसवली. काळी तिच्यावरून गेली की डबी पुन्हा टक् करते, म्हणजे विसरते, म्हणजे पुढच्या फेरीला गाडी परत थांबते. एकदा चुंबक उलट्या कडेला लावला होता, काळी न थांबता गरागरा फिरत राहिली आणि मी तिच्यामागे टेबलाभोवती. सोडा ते.

आता तिसऱ्या पानावर तुम्ही जे लिहिलंय त्याबद्दल. त्या वर्षी, निवृत्तीच्या आधी, दादाच्या हातातली बशी कपाला वाजताना तुम्ही ऐकलीत. एकदा नाही, दोनदा. म्हणून रूळ कापलेत. पुढे कधी हात चालेना झाला तर गाडी बंद पडू नये म्हणून. आणि ते सांगायचं कसं, तर चेष्टेचा कार्यक्रम करून. आणि तो फसला तेव्हा तोंडातून नेमकं तेच वाक्य निघालं. भाऊजी, मी रोज समोर बसून चहा प्यायले, मला नाही ऐकू आली ती बशी. तुम्हाला आली. इतकी वर्षं हे पोटात घेऊन बसलात? तुमच्या दोघांपुढे मी हात टेकले.

आता ऐका काय झालं ते. या खेपेला मी यांना बोलावलं नाही. दुपारी वरच्या खोलीचं दार सताड उघडं टाकलं आणि गाडी चालवत बसले. डबी टक्, गाडी निघाली. डबी टक्, फेरी. पुन्हा टक्. बराच वेळ. मग जिन्यावर पाऊल वाजलं. मी मान वळवली नाही.

हे आले, शेजारी उभे राहिले. बटण बघितलं. 'हे कुठल्या लिफ्टचं?' म्हणाले. मी बटणावरची धूळ पुसली. या खेपेला पुस्तकाचं नाव घेतलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

मग हात पुढे केला. थरथरत होता. बोट बटणावर नीट पडेना, म्हणून सगळा पंजाच ठेवला त्यावर. दिवा लागला. टक्. हात काढला तरी दिवा तसाच. आणि काळी निघाली हो! एक धक्का नाही, एक उचकी नाही. वळणावरून गेली, बोगद्यात गेली, बाहेर आली, हळू झाली, रांगली आणि दार छत्रीवाल्यासमोर.

यांनी वाकून दार आणि छत्री नजरेने जुळवून पाहिली. पुन्हा पंजा ठेवला. पुन्हा सोडली. पुन्हा. मी हळूच खाली आले, चहा ठेवला, आणि वरून टक् टक् ऐकत ओट्याशी उभी राहून रडले. चहा उतू गेला तो गेलाच.

संध्याकाळ झाली तरी उतरले नाहीत. दिवे लावायला वर गेले तर उभे होते टेबलाशी, जिभेचं टोक बाहेर.

तुमची वहिनी

ता. क. वाचनालयाच्या बाई परवा येणार आहेत. गाडी नेतात का ठेवतात ते हे काही सांगत नाहीत. मी विचारलंही नाही, जीव मुठीत धरून बसलेय.

९ मार्च

भाऊजी,

बाई येऊन गेल्या. हातगाडीवाला घेऊन आल्या होत्या. यांनी त्यांना वर नेलं, बसायला स्टूल दिलं आणि म्हणाले, दाबा. त्यांनी बटण दाबलं. गाडी फिरून थांबली. त्यांनी पुन्हा दाबलं. मोठी गंभीर बाई आहे, पण पाच-सहादा तरी दाबलं असेल. मग हे म्हणाले, 'ही पेटीत बसायची नाही. तुमच्या मुलांनाच इकडे पाठवा, दर शनिवारी.' हातगाडीवाल्याला रिकामं कसं पाठवायचं म्हणून त्याला चहा पाजला आणि माझी जुनी मासिकं वाचनालयाला देऊन टाकली. मला न विचारता! त्यांत माझे कशिद्याचे नमुने होते. पण जाऊ दे, या खेपेला मी एक शब्द बोलले नाही.

आता खरं काम.

काल जेवताना हे म्हणाले, 'तुझ्या त्या बटणवाल्याला पत्र लिहितेस ना?' मी घास ताटातच ठेवला. म्हटलं, कुठला बटणवाला? म्हणाले, 'मला येडा समजतेस का? कॉलरची पट्टी तुझी, पण तो ब्रेक तुझा नव्हे. आधी रांगायचं आणि मग थांबायचं, हा लिफ्टवाल्याचा ब्रेक आहे. पहिल्या दिवशीच ओळखला मी.' म्हणजे बघा. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि मी मेली चादरीच्या चुण्या मोजत होते.

मी म्हटलं, मग काय लिहू? तर पाण्याचा घोट घेऊन, भिंतीकडे बघत म्हणाले, 'लिही की गाडी बोटभर पुढे थांबतेय. दार छत्रीवाल्यासमोर येत नाही. त्याच्या लिफ्टही अशाच अधांतरी थांबायच्या का म्हणावं. पत्राने हे काम व्हायचं नाही. हत्यारं घेऊन स्वतः ये म्हणावं, आणि दुरुस्त करून दे.'

मला रागच आला. इतकी मेहनत केली आणि बोटभर पुढे? ताट तसंच ठेवून वर गेले. गाडी सोडली. खरंच की, दार छत्रीवाल्याच्या बोटभर पुढे गेलं. पुन्हा सोडली, पुन्हा तेवढंच. काप बघितला, जागच्या जागी. चुंबक जागच्या जागी. टेप आणली, मापं घेतली, माझी मापं चुकत नाहीत. रूळ तसूभर हललेला नाही.

मग छत्रीवाला बघितला. मी त्याला डिंकाच्या थेंबावर उभा केला होता. थेंब आहे तिथेच आहे, वाळून चकाकतोय, आणि छत्रीवाला त्याच्या बोटभर मागे उभा.

भाऊजी, त्या हातांना सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. रोज मी लावते. त्या हातांनी पेराएवढा माणूस डिंकातून सोडवला, उचलला आणि बोटभर मागे नेऊन ठेवला, छत्री सरळ, तोंड गाडीकडे. किती वेळ लागला असेल, किती वेळा पडला असेल, मी खाली भांडी घासत होते, मला पत्ता नाही.

मी त्याला परत थेंबावर ठेवलेला नाही. खाली येऊन यांना सांगितलं, हो, बोटभर चुकतंय खरं, कळवते. यांनी 'हं' केलं आणि दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.

तेव्हा या. जाऊबाईंनाही आणा, गुडघ्याला जिना नको असेल तर मी खाली बसून गप्पा मारेन त्यांच्याशी. आल्यावर छत्रीवाल्याकडे बघूसुद्धा नका. रूळ उचकटा, आकृत्या काढा, डोकं खाजवा, दादाला हे धर ते धर म्हणा.

आणि तुमच्या पाया पडते, लवकर दुरुस्त करू नका.

वाट बघणारी,
तुमची वहिनी